आडवा प्रेक्षक

‘हठयोगप्रदीपिका’ नावाचा एक ग्रंथ आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी स्वात्माराम नावाच्या योग्यानं तो लिहिला. योगाभ्यास करणाऱ्यानं कसल्या जागेत राहावं, याची त्यात मोठ्या बारकाईनं तजवीज केलेली आहे. खोली लहानशी असावी. दार छोटं असावं. भिंतींना भोकं, खिडक्या वगैरे नसाव्यात. जागा फार उंच नसावी, फार ठेंगणीही नसावी आणि एका धनुष्याच्या अंतरात दगड, अग्नी किंवा पाणी नसावं. हे वाचलं आणि मी चमकलोच. आमचा फ्लॅट ज्यांनी बांधला ते बिल्डर हा ग्रंथ कोळून प्यायलेले असले पाहिजेत! दार इतकं छोटं, की आमचं कपाट सुटं होऊन आत आलं आणि आता बाहेर जायचं तर पुन्हा सुटं होऊनच जाईल. हॉलला खिडकी आहे, पण ती समोरच्या बिल्डिंगच्या बाथरूमवर उघडत असल्यामुळे उभयपक्षी सभ्यता म्हणून आम्ही ती उघडत नाही. पाणी सोसायटीच्या नियमाप्रमाणे ठरावीक वेळीच सुटतं, एरवी जागा निर्जल. राहता राहिला अग्नी. स्वयंपाकघर हॉलपासून एक धनुष्य लांब आहे की नाही हे मला सांगता यायचं नाही, कारण आमच्याकडे धनुष्य नाही. फोडणीचा ठसका मात्र व्यवस्थित पोचतो.

तर अशी ही शास्त्रोक्त जागा. स्वात्मारामांची एकच अट आमच्या घराला झेपलेली नाही. ते म्हणतात, ही खोली एकांतात असावी.

आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात माणसं पाच : मी, ही, माझी आई, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. खोल्या अडीच. आता अडीच खोल्यांत पाच माणसं बसवून वर एकांत शिल्लक टाकायचा, हे गणित मला बी. कॉम.ला कुणी शिकवलेलं नाही. आणि मुळात मला योगासनं करायची हौस होती, असंही नाही. मी बँकेत क्लार्क. मधे आम्हांला ‘सिंगल विंडो ऑपरेटर’ म्हणू लागले. विंडो वाढली नाही, पगार फारसा वाढला नाही, नाव तेवढं वाढलं. त्या विंडोच्या मागे बावीस वर्षं बसून काढल्यावर माझ्या कंबरेनं एके दिवशी कामावर यायला नकार दिला. डॉक्टरांनी विचारलं, “दिवसभर करता काय?” म्हटलं, “बसतो.” ते म्हणाले, “मग तेच कारण.” कॉलेजात आम्ही घसारा शिकलो होतो. यंत्र वापरलं की दर साल त्याची किंमत थोडी कमी धरायची. पण वापर न करताच ज्याला घसारा लागतो असं यंत्र म्हणजे माणसाची कंबर, हे हिशेबतपासणीच्या पुस्तकात कुठंही दिलेलं नाही.

खरं म्हणजे व्यायाम आमच्या घराण्यात होता. आमचं मूळ गाव औंधजवळ. औंधचे राजेसाहेब, भवानराव पंतप्रतिनिधी, हे सूर्यनमस्काराचे केवढे भोक्ते! स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सुरू करवले आणि पुढे त्यावर इंग्रजीतून पुस्तकही काढलं. माझे आजोबा त्या शाळेत शिकलेले. पुढं साताऱ्याला आले, वाड्यात बिऱ्हाड केलं, तरी पहाटे अंगणात सूर्याची बारा नावं घेत नमस्कार चालूच. आम्ही नातवंडं पांघरुणातून ती नावं ऐकायचो. बाराव्या नावापर्यंत जाग कधीच टिकायची नाही. वारसाहक्कानं माझ्याकडे आजोबांचं पितळी तपेलं आलं, कानांत ती बारा नावं आली. नमस्कार तेवढे आले नाहीत.

तेव्हा आधी मी क्लासला गेलो. क्लास उत्तम होता, शिकवणारे सज्जन होते. मंद हिरवा दिवा, मंद बासरी, आणि पंचवीस माणसं आडवी पडलेली असताना टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. गुरुजी म्हणत, “मन रिकामं करा.” मी ते रिकामं करत असे, आणि रिकामं झालं रे झालं की त्यात आमची बँक येऊन बसत असे! तीनशे रुपयांनी न जुळलेली कॅश, दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर, ‘माझे पैसे मलाच का देत नाही’ म्हणून ओरडणारे आजोबा, सगळी मंडळी एकेक करून त्या हिरव्या अंधारात रांग लावत. बासरी चालू असताना मी मनातल्या मनात टोकन वाटत असे. माझ्या शेजारचे गृहस्थ घोरत. त्यांचा मला फार हेवा वाटे.

बँकेतही योग होतो बरं का. संयुक्त राष्ट्रांनी २०१४च्या डिसेंबरात २१ जून हा योगदिन ठरवला आणि २०१५पासून तो साजरा होऊ लागला. तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी बॅनर येतो. बॅनरपुढे सगळे हात वर करून उभे राहतात, फोटो निघतो, तो वर पाठवला जातो आणि हात खाली येतात ते थेट बटाटेवड्यावर. कंबरेला त्याचा उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही, पण वडे चांगले असतात.

शेवटी क्लासचे तीन महिने संपल्यावर मी सतरंजी घरीच अंथरायचं ठरवलं. अंथरणार कुठं? बेडरूममध्ये पलंग आणि ते सुटं होऊन आलेलं कपाट, यांच्यात एक माणूस कडेनं जाऊ शकतो, आडवा होऊ शकत नाही. स्वयंपाकघराचा प्रश्नच नाही. मोकळी जमीन घरात एकच, सहा फूट बाय दोन फूट, आणि ती टीपॉय आणि टी. व्ही. यांच्या मधोमध. वेळ एकच, संध्याकाळी साडेसात ते नऊ. आणि साडेसात ते नऊ आमच्या घरात काय चालतं, हे मराठी घरात राहणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. एकामागून एक तीन मालिका. त्यांची नावं मी सांगत नाही, कारण हे छापून येईपर्यंत त्या बदललेल्या असतील आणि सासू तीच असेल.

पहिल्या दिवशी मी ताडासनात उभा राहिलो आणि मागून एकच गिल्ला झाला. “अहो, बाजूला!” “बाबा, दिसत नाहीये!” खाली पडून पाय वर केले, तर धाकटा म्हणाला, “बाबा, हिरोइनच्या तोंडावर तुमचा अंगठा येतोय.” भुजंगासनात मान वर केली तर माझी आणि खलनायिकेची अशी काही नजरानजर झाली, की मी आपण होऊन खाली आलो. मग वाटाघाटी झाल्या. आईनं तोडगा काढला. तिचं म्हणणं असं, की मालिका चालू असेल तेव्हा निजून करायची आसनं करावीत आणि उभं राहायची, पाय वर करायची जी काय असतील ती जाहिरातींत उरकावीत. हा तह आजतागायत पाळला जातो. शीर्षकगीताला मांडी घालून दीर्घ श्वसन. पहिल्या भागात पवनमुक्तासन, सेतुबंध, मकरासन. जाहिराती लागल्या की ताडासन आणि पाय वर. पुन्हा मालिका, पुन्हा आडवा. शास्त्राप्रमाणे शवासन शेवटी एकदाच असतं. मला ते दर मालिकेमागं एक, असं रोज तीनदा मिळतं. जाणकार नाक मुरडतील. पण पतंजलींनी आसनाला स्थिरता आणि सुख या दोनच गोष्टी लागतात असं सांगून ठेवलंय, त्यांत टी. व्ही. बंद असावा असं कुठं म्हटलंय?

साधनसामग्रीचंही तसंच. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार गुरुजी पट्टे, दोर, लाकडी विटा, खुर्च्या असं काय काय वापरून अवघड आसनं सामान्य माणसाला जमवून देत. आमच्याकडे विटेच्या जागी रद्दीचा गठ्ठा आहे. पट्ट्याच्या जागी हिची जुनी ओढणी. मकरासनात हनुवटीखाली धाकट्याचं गणिताचं पुस्तक घेतो, ते नवं कोरं असल्यामुळे स्वच्छ असतं.

आणि मग ती गोष्ट माझ्या लक्षात आली, जी कुठल्याही क्लासात कुणी सांगत नाही. शवासनात डोळे मिटून पडलो, कानांवर मालिका, मागं सोफ्यावर हिची भेंडी चिरण्याची चक-चक, थोरलीचं “शी, काय मूर्ख आहे ही!”, आईचं “गप गं, ऐकू दे”, धाकट्याचं चिवडा खाणं. एवढ्या गर्दीत बँकेला आत यायला जागाच उरत नाही! ते ओरडणारे आजोबा आले तरी दारातूनच परत जातात. पाच मिनिटांत माझे हातपाय सैल. कंबर सतरंजीला टेकलेली. क्लासात पैसे देऊन न मिळालेली शांतता मला मोठ्या सुनेच्या कारस्थानांत मिळाली. आता मला मालिकेतली सगळी माणसं आवाजावरून ओळखू येतात. मधल्या जावेच्या बांगड्या काचेच्या आहेत. सासऱ्यांच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला असावा. यांतल्या एकाही व्यक्तीचा चेहरा मी धड पाहिलेला नाही.

हेही आमच्या घराण्यात होतं म्हणा. २५ जानेवारी १९८७, रविवार. दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वाड्यात टी. व्ही. एकच, मालकांच्या माजघरात. बिऱ्हाडं सात. रविवारी सकाळी सगळी आंघोळ करून हजर, कुणी उंबऱ्यावर, कुणी जिन्यात. पण साताऱ्याच्या त्या कोपऱ्यात चित्र स्थिर राहत नसे. मग धाकटे काका कौलांवर चढून अँटेना फिरवत. खालून ओरडा : “आलं!... गेलं!... अजून थोडं डावीकडं!... आलं, आलं, हलू नका!” आणि काका हलत नसत. एक हात वर, एक पाय कौलावर, एक पन्हाळीवर, अशा अवस्थेत त्यांनी वनवास काढला. म्हणजे रामाचा. अठ्ठ्याहत्तर भागांच्या त्या मालिकेतले कितीतरी भाग त्यांनी वरून नुसते ऐकले. खाली आल्यावर आजी त्यांना गरम पोहे द्यायची आणि काय काय दिसलं ते सांगायची. “सीतेला सोन्याचं हरीण दिसलं बघ.” काका म्हणायचे, “ऐकलं मी.” पण ती सगळं सांगेपर्यंत पोहे संपवत नसत.

आता टी. व्ही.ला अँटेना नाही आणि चित्र लख्ख येतं. मध्यंतरी एकच अडचण झाली, की ते पाहायला कोणी येईना. थोरलीला फोन मिळाला, धाकट्याला शाळेसाठी म्हणून मिळाला. दोघं कानांत बोंडं घालून बेडरूममध्ये. ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोनमधल्या कुणाची तरी कटाची आमटी बघत उभी. हॉलमध्ये आई, मी आणि मालिका. भेंडीची चक-चक नाही, शी नाही, गप नाही. म्हणजे स्वात्मारामांची राहिलेली ती शेवटची अटही एकदाची पुरी झाली. अगदी एकांत! मी शवासनात पडलो की पहिल्या दोन मिनिटांत बँक उघडायची.

त्यातून आम्हांला बाहेर काढलं ते आईच्या डोळ्यांनी. ती चालताना टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटू लागली. कडेला ठेवलेली वाटी तिला सापडेना. आम्हांला वाटलं चष्मा बदलला पाहिजे. तिला वाटलं आम्ही वाट्या हलवतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. डोळ्यांतला दाब वाढून आतली शीर हळूहळू निकामी होते, नजर कडांकडून आत आत जात राहते, समोरचं बरंच दिवस नीट दिसतं आणि म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली राखायची. रोज रात्री थेंब, आणि हे थेंब जन्मभर. शिवाय डोकं खाली, पाय वर असली आसनं बिलकूल करायची नाहीत, त्यानं दाब वाढतो. आई म्हणाली, “डॉक्टर, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. शीर्षासन करणार होते ते आता राहू दे म्हणता?” डॉक्टर हसले. रिक्षात बसल्यावर मात्र ती घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

त्या रात्री मालिका बघताना ती म्हणाली, “एवढा मोठा वाजंत्रीचा आवाज कशाला केला? काय झालं?” काय झालं होतं, तर दाराआडून मोठी जाऊ सगळं ऐकत होती. आईला मधे बोलणारी दोघं दिसत होती, दार दिसत नव्हतं. आणि आपल्या मालिकांचं तुम्हांला सांगतो, महत्त्वाचं जे काही घडतं ते कडेलाच. मधे नुसता चहा असतो. दाराआड कोण उभं आहे, पडद्यामागून कुणाचे पाय दिसतायत, दुधाच्या पेल्यात कोण काय टाकतंय, यावर सगळा डोलारा. कडा गेल्या की मालिका गेलीच.

पाणी प्यायला आलेली थोरली हे ऐकत उभी होती. ती आजीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “आजी, दाराआड मोठी आहे. जांभळी साडी, तोंड वाकडं, हातात किल्ल्या.” आईनं विचारलं, “किल्ल्या कसल्या गं?” “तिजोरीच्या. काल धाकटीकडे होत्या.” “म्हणजे चोरल्या!” “चोरल्याच.” दोघींना एवढा आनंद झाला, की किल्ल्या आमच्याच असाव्यात.

दुसऱ्या दिवशी थोरली आपण होऊन आली. ती एवढं सांगतेय म्हटल्यावर, ‘तसं नाहीये, तू चुकीचं सांगतेस’ म्हणायला धाकटा आला. दोघांना गप्प करायला ही चिरायचं ताट घेऊन आली. कुणी कुणाला बोलावलं नाही, कुणी फोन बंद करा म्हणून भाषण केलं नाही. आठवड्याभरात सोफा भरला. माझा शवासनातला गलका पूर्ववत झाला आणि त्यात आता धावतं वर्णनही मिळू लागलं. साडेआठच्या जाहिरातींत ही आईच्या डोळ्यांत थेंब घालते. थेंब घातले की दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. तेवढ्यात मालिका परत सुरू होते. म्हणजे आई खुर्चीत डोळे मिटून, मी खाली डोळे मिटून, आणि थोरली आम्हां दोघांना जग दाखवतेय : “वकील आला. खोटा वकील आहे, मिशीवरूनच कळतंय. मागं कोपऱ्यात तुळस पेटलीय... नाही, पणती आहे, सॉरी.” थोरलीनं बारावीला कुठला विषय घेतला होता मला विचारा, मी चुकेन. पण तिचं वर्णन! साडीचा पोत, कपाळावरची आठी, पात्राचा हेतू आणि त्यावर तिचं स्वतःचं मत, सगळं एका श्वासात. आई म्हणते, डोळे धड होते तेव्हा मला एवढं दिसत नव्हतं.

कंबर, म्हणाल तर, पंचाहत्तर टक्के वसूल झालीय.

आता थोरलीला पुण्याला प्रवेश मिळालाय. हॉस्टेल वगैरे ठरलंय, गादी इथून न्यायची की तिथं घ्यायची एवढाच वाद बाकी आहे. आनंदाचीच गोष्ट. पेढे वाटून झाले. ‘पुणं काय, इंद्रायणीनं दोन-अडीच तासांचा रस्ता,’ हे वाक्य घरात प्रत्येकानं प्रत्येकाला सांगून झालं. आईनं तर ते मला तीनदा सांगितलं. मग एका रात्री ती म्हणाली, “पोरगी जाईल ती जाईल. पण वर्णनाचं काय?”

म्हणून गेला आठवडाभर धाकट्याची उमेदवारी चालू आहे. नियम असा, की थोरलीनं एक शब्द बोलायचा नाही. धाकटा बारा वर्षांचा. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे बुडीत कर्जाची वसुली.

“बाई आली,” तो म्हणाला.

“कुठली?”

“लाल.”

“अरे, साडी लाल की बाई लाल?”

“दोन्ही.”

“करतेय काय?”

“उभी आहे.”

सतरंजीवरून, डोळे न उघडता, मी म्हटलं, “मधली जाऊ आहे. बांगड्या काचेच्या.” ही म्हणाली, “तुम्ही श्वासाकडं लक्ष द्या.” आईनं धाकट्याला जवळ ओढून समजावलं, “हे बघ, मधे कोण बोलतंय ते मला दिसतं. तू मधे बघूच नकोस. तू नुसता कडेला बघायचं. कडेला कोण आहे, काय करतंय, तेवढं सांगायचं. जमेल?” त्यानं मान हलवली. आईला ती दिसली नसावी, म्हणून मग ‘हो’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुधारणा होती. खिडकीतला माणूस त्यानं बरोबर पकडला. तिसऱ्या दिवशी पडद्याखालचे पाय सापडले. चौथ्या दिवशी मालिकेत लग्न होतं. पाठवणी, सनई, रडारड, आणि आईच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातलेले. मी तिसऱ्या शवासनात.

“आजी, मधे नवरी आहे.”

“मधलं नको. कडेला कोण?”

“कडेला बँडवाले. एक म्हातारा. इकडच्या कडेला ताई रडतेय.”

“कुठली ताई? मुलाची बहीण?”

धाकटा जरा थांबला.

“नाही. आपली.”

सनई संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मग जाहिराती लागल्या. हिनं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “अहो, उठा. ताडासन राहिलंय तुमचं.”